बंद संगणक कक्ष विद्यार्थिनींच्या कोडिंग क्लबसाठी खुला करणेबाबत निवेदन

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, जि. यवतमाळ

विषय : शाळेतील कुलूपबंद संगणक कक्ष तातडीने उघडून वापरास मिळणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमचे यापूर्वीचे अर्ज व स्मरणपत्रे. सर्वांची पोच आमच्याकडे आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन आहे की, आम्ही आठवी ते दहावीच्या विद्यार्थिनी शाळेत स्वतः कोडिंग क्लब चालवतो. दहावीच्या मुली नववीला शिकवतात, नववीच्या आठवीला. आयसीटी योजनेतून राज्यातील ८,००० शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने संगणक आले, तेव्हा आमच्याही शाळेत कक्ष झाला. पाच वर्षांचा करार संपला, निदेशक गेले आणि दाराला कुलूप लागले. ते आजही तसेच आहे.

या कुलपाविषयी आम्हाला आजवर काय काय सांगण्यात आले, ते एकदा एकत्र मांडतो. आधी सांगितले, दिवाळीच्या सुटीनंतर कक्ष सुरू होईल. दिवाळी झाली. मग सांगितले, आत निवडणुकीचे साहित्य आहे, ते हलले की खोली मोकळी करू. साहित्य हलले आणि त्या जागी पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आले. शाळाभेटीच्या दिवशी कक्षाच्या खिडकीपाशी उभे राहून आम्हाला शब्द देण्यात आला, की पंधरा दिवसांत किल्ली मुख्याध्यापकांकडे येईल. ती आली नाही. आता म्हणतात, निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेला आहे, मंजुरी येईपर्यंत हात लावता येत नाही. ज्या संगणकांचे बटण इतक्या काळात कोणी दाबून पाहिले नाही, ते निकामी आहेत हे ठरवले कोणी?

खिडकीच्या फटीतून आत दिसते ते असे : मॉनिटरवर अजून कापडी खोळी आहेत, भिंतीवरून वाळवीची रेघ टेबलाच्या पायापर्यंत उतरली आहे, खाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पडल्या आहेत. जडवस्तू संग्रह नोंदवहीत मात्र सगळे जागेवर आहे.

बाहेर व्हरांड्यात आमचा वर्ग भरतो. एसीएम इंडियाच्या सीएसपाठशाळा उपक्रमातील संगणकाविना करायच्या कृतींपासून आम्ही सुरुवात केली. उंचीप्रमाणे रांग लावताना शेजारच्या दोघींनीच जागा बदलायची, असे करत करत सॉर्टिंग शिकलो. खडूने चौकटी आखून एकेका मुलीला व्हेरिएबल केले. हे सगळे उपयोगी पडले, पण त्याच्या पुढे कागद जात नाही.

याचे एकच उदाहरण देतो. आमच्यातील एकीने कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशोब करणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये वहीत लिहिला. सकाळचे वजन, संध्याकाळचे वजन, किलोचा दर आणि उत्तर. वहीत १२ आणि १५ किलोची बेरीज २७ आली. सर्वांनी तपासले, कोणालाच चूक सापडली नाही. वडिलांच्या मोबाइलवर तोच प्रोग्रॅम चालवला तेव्हा बेरीज आली १२१५. पायथन टाइप केलेला आकडा मजकूर म्हणून घेतो, त्याचे संख्येत रूपांतर करावे लागते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. वहीतली चूक वहीत लपून राहते, यंत्रावर ती समोर येते. प्रोग्रॅमिंग शिकणे म्हणजे हेच, आणि ते आमच्यापासून एका कुलपाने दूर ठेवले आहे. घरात मोबाइल एकच असतो, तो सकाळी वडिलांबरोबर वावरात जातो आणि रात्री हाती आला तर रिचार्ज संपलेला असतो.

मुले सायकल किंवा मोटारसायकल काढून तालुक्याच्या गावी क्लासला जातात. आम्हाला अंधार पडायच्या आत घरी पोचावे लागते आणि मुलींसाठीची मानव विकास योजनेची बस चुकली तर दुसरी सोय नाही. म्हणून आमच्यासाठी संगणक शाळेतच हवा, शाळेच्या वेळेतच हवा. सहावीपासून कोडिंग, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. नियम आपणास आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत, ते येथे उतरवून काढत नाही.

खर्चाचे कारणही राहत नाही. लिनक्स, पायथन आणि स्क्रॅच विनामूल्य आहेत, एकदा भरून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतून उपलब्ध आहेत. शिकवण्याचे काम आम्ही करत आहोतच.

सर्वांत निकडीची गोष्ट ही, की दहावीच्या मुली मार्चमध्ये परीक्षा देऊन शाळेतून जातील. हा क्लब एका इयत्तेने दुसरीला शिकवण्यावर उभा आहे. शिकवणाऱ्या मुलींचा हात संगणकाला लागलाच नाही, तर त्या मागच्यांना देणार काय? पुढच्या वर्षीचे आश्वासन या मुलींच्या काहीच कामाचे नाही.

तरी आमच्या मागण्या अशा :

१. संगणक कक्षाची किल्ली आठ दिवसांत मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावी. क्लबच्या वेळी कक्ष उघडण्याचा लेखी आदेश काढावा.
२. निर्लेखनापूर्वी प्रत्येक संगणक आमच्या व पालकांच्या समक्ष सुरू करून तपासावा. चालू निघतील ते शाळेतच ठेवावेत, नादुरुस्त संगणकांचे सुटे भाग त्यांच्यासाठी वापरू द्यावेत.
३. पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे अन्यत्र हलवावेत आणि वाळवीचा बंदोबस्त करावा.
४. कक्षाला इन्व्हर्टर मिळावा.
५. क्लबसाठी शनिवारी ही बस अर्धा तास उशिरा सुटावी, यासाठी आगाराला पत्र द्यावे.

पहिल्या दोन मागण्या आजच्या आज निकाली निघण्यासारख्या आहेत. उरलेल्या तिन्हींना वेळ लागला तर आम्ही समजून घेऊ. पहिल्या मागणीबाबत मात्र तोंडी आश्वासन यापुढे स्वीकारणार नाही, लेखी उत्तर द्यावे ही नम्र विनंती.

आठ दिवसांत किल्ली न मिळाल्यास, नवव्या दिवसापासून आमचा क्लब पालकांच्या उपस्थितीत, शांततेने, आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात भरेल. वह्या आम्ही आणू. ती वेळ आपण येऊ देणार नाही, असा विश्वास आहे.

कळावे,

आपल्या नम्र,
कोडिंग क्लबच्या समस्त विद्यार्थिनी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव :
१. मा. मुख्याध्यापक
२. मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती