कशाकशाचा?

स्टाफरूममध्ये गेल्या महिन्यात एका सहकाऱ्यांनी कुत्रा पाळण्याचा मनोदय जाहीर केला आणि पहिला प्रश्न आला : ‘कुठल्या जातीचा?’ ‘मिश्र,’ ते म्हणाले. क्षणभर शांतता. मग दुसरा प्रश्न : ‘म्हणजे कशाकशाचा?’ माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

एरवी वर्गात ‘जात’ हा शब्द आपण जपून उच्चारतो, त्यावर चर्चासत्रांत निबंध वाचतो. कुत्र्याचा विषय निघाला की मात्र ‘जातिवंत’, ‘खानदानी’, ‘गावठी’ ही विशेषणे बिनदिक्कत बाहेर पडतात. ‘संकर’ या शब्दाचेच पाहा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन वर्णसंकराची धास्ती बोलून दाखवतो. बियाण्यांच्या दुकानात मात्र ‘संकरित’ हे प्रशस्तिपत्र ठरते. शब्द तोच, भाव बाजार ठरवतो.

कुत्र्यांच्या बाबतीत हे घडल्याचा दाखलाच आहे. 1989 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतील वॉली कॉनरॉन यांनी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला. हवाईतील एका अंध स्त्रीला कुत्रा हवा होता आणि तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. तीन पिल्ले झाली. त्यांतले एकच त्या घरासाठी योग्य ठरले. उरलेल्यांना प्रतीक्षायादीतले कोणी घ्यायला तयार होईना, कारण ती ‘संकर’ होती. कॉनरॉननी त्यांना ‘लॅब्राडूडल’ असे नाव दिले, आणि मागणी सुरू झाली. कुत्रे तेच होते. बदलले ते केवळ नाम. पुढे या नावावर जो धंदा फोफावला, त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

या कथेतला खरा धडा मात्र सोयीस्करपणे विसरला जातो : एकाच आईबापांच्या तीन पिल्लांपैकी एकच त्या घराला मानवले. मग ‘कशाकशाचा’ या प्रश्नाच्या उत्तरातून आपल्याला नेमके काय कळणार असते?

जातीला काहीच अर्थ नाही, असे मी म्हणत नाही. आकार, केसांची दाटी, चपट्या नाकामुळे होणारा श्वासाचा त्रास या गोष्टी रक्तातून येतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात दाट केसांचा कुत्रा आणणे हा क्रूरपणाच आहे. परंतु 18,000 हून अधिक कुत्र्यांची पाहणी करून 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकीतल्या फरकापैकी जातीने उलगडतो तो जेमतेम 9 टक्के. उरलेला कुत्रा प्रत्यक्षच पाहावा लागतो. आणि ज्याला आपण नाक मुरडतो तो ‘गावठी’ तर कसली भेसळही नव्हे; कागदोपत्री जाती ठरवणारा इंग्लंडचा केनेल क्लब 1873 चा, गावकुसाबाहेरचा हा कुत्रा त्याच्या कितीतरी आधीचा.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी ‘लॅब शांत असतो’ या ऐकीव ज्ञानावर आम्ही एक ‘लॅब-क्रॉस’ पिल्लू आणले. तिसरा मजला, दोघेही दहा ते पाच बाहेर. त्याने दारे कुरतडली, दिवसभर रडून शेजाऱ्यांची झोप उडवली. आठ महिन्यांनी त्याला एका नातेवाइकांच्या शेतावर सोडून आलो. ‘त्याला तिथे मोकळे वाटेल,’ असे आम्ही सर्वांना सांगितले. खरे इतकेच होते की मलपृष्ठावरचा मजकूर वाचून आम्ही पुस्तक घेतले होते. आणि ते आवडले नाही म्हणून परत केले. फरक एवढाच, की पुस्तक निघताना दाराकडे पाहत बसत नाही.

म्हणून प्रश्न बदलायला हवेत, आणि त्यांतले निम्मे स्वतःला विचारायला हवेत. घर दिवसाचे किती तास रिकामे असते? आषाढातल्या पावसात सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार? घरात गुडघे दुखणारी आजी असेल, तर साखळीला हिसडे देणारा दांडगा कुत्रा तिला झेपेल का? बारा-तेरा वर्षांच्या लशी, औषधे, आजारपणे यांची तयारी आहे का? सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केले आहे. पण आपल्या घरातले तास वाढवून द्यायला कुठलेच मंडळ येणार नाही.

मग कुत्र्याकडे वळावे. शक्यतो निवारागृहातला दीड-दोन वर्षांचा, स्वभाव आकाराला आलेला कुत्रा पाहावा. पिल्लू मोठेपणी काय होईल हा केवळ अंदाज असतो. त्याला एकदा नव्हे, तीनदा भेटावे. परक्या मुलांजवळ तो कसा वागतो, कुकरच्या शिटीने दचकतो का, एकटा ठेवल्यावर काय करतो, हे त्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला विचारावे. तो माणूस कुठल्याही वंशावळीपेक्षा अधिक सांगेल.

आणि नंतर कोणी ‘कशाकशाचा?’ असे विचारलेच, तर सांगावे : दुपारी एकटा राहू शकतो, अशातला.