जुन्या मोटारीची नवी दांडी

जुनी वस्तु जशी हातीं आली तशीच राखावी, कीं नव्या ज्ञानाचा उपयोग करून तिच्यांत सुधारणा करावी, हा वाद वाडे, मूर्ति व हस्तलिखितें यांच्यासंबंधानें आपण पुष्कळदां ऐकतों. जुन्या मोटारी बाळगणाऱ्या लोकांतहि हाच वाद चालतो, व तो इतक्या हिरीरीनें चालतो कीं, त्रयस्थास हंसूं यावें. एक पक्ष म्हणतो, कारखान्यांतून गाडी निघाली तेव्हां जो स्क्रू जेथें होता तो तेथून हलविणें म्हणजे पाप. दुसऱ्या पक्षाच्या हातीं नव्या भागांचें सूचिपत्र पडलें कीं त्यांतील जाडांत जाड व कठीणांत कठीण वस्तु गाडीला बसविल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. माझ्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. आणि ते कोठें चुकतात हें दाखविण्यास एम. जी. बी. या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीइतकें चांगलें उदाहरण दुसरें क्वचितच मिळेल.

ही लहानशी गाडी १९६२ सालीं बाजारांत आली. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथील कारखान्यांत ती १९८० पर्यंत तयार होत होती, व तेवढ्या अवधींत पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तिची बांधणी साधी आहे. पुढील प्रत्येक चाकास वेटोळ्याची स्वतंत्र स्प्रिंग. मागें मात्र एकच अखंड आंस व त्यास कमानपाटे. धक्के जिरविण्यासाठीं तेल भरलेले, लिव्हरच्या हाताचे जुन्या पद्धतीचे शॉक-ॲब्सॉर्बर आहेत. आणि पुढच्या बाजूस तर या शॉक-ॲब्सॉर्बरचा हातच चाकाला वरून धरून ठेवतो. अर्थात् तो झिजला म्हणजे गाडी नुसती उसळते एवढेंच नव्हे, तर चाकच डुलूं लागतें.

आतां जिच्यावरून एवढा वाद होतो ती दांडी. इंग्लंडांत तिला अँटी-रोल बार व अमेरिकेंत स्वे बार म्हणतात. आपल्याकडील बऱ्याच मोटारींच्या पुढील चाकांपाशींहि ती असते. गॅरेजांतील लोक तिला स्टॅबिलायझर म्हणतात. पोलादाची दोन्ही टोकांस वांकविलेली ही दांडी मध्यें रबराच्या बुशांनीं गाडीच्या अंगास धरलेली असते, व तिचीं टोकें डाव्या-उजव्या चाकांच्या सांगाड्यास जोडलेलीं असतात. दोन्ही चाकें बरोबरच वर गेलीं तर दांडी आपल्या जागीं नुसती फिरते. तिचें अस्तित्वहि जाणवत नाहीं. परंतु वळणावर गाडी बाहेरच्या अंगास कलून एक चाक वर व दुसरें खालीं जाऊं लागलें, कीं दोघींनीं मिळून ओलें लुगडें पिळावें तशी ती पिळली जाते, आणि त्या पिळास जो विरोध करते त्यानेंच गाडीचें कलणें कमी होतें. येथें गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. भरीव दांडीचा हा विरोध तिच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढतो. अर्ध्या इंचाची दांडी काढून त्याच आकाराची पाऊण इंचाची बसविली, तर जाडी दीडपटच झाली. पण कठीणपणा पांचपटीहून किंचित् अधिकच वाढला. सूचिपत्रांत ‘थोडी जाड’ म्हणून छापलेली वस्तु प्रत्यक्षांत थोडी नसते, ती अशी.

‘मूळ स्थिति पवित्र’ असें म्हणणाऱ्यांस मी विचारतों, कोणती मूळ स्थिति? अगदीं आरंभींच्या उघड्या गाड्यांत पुढील दांडी हवी असल्यास निराळे पैसे भरावे लागत. पुढें ती सर्वांस मिळूं लागली. १९७४ सालीं अमेरिकेंतील नव्या नियमांस अनुसरून गाडीला काळे, जड, रबरी बम्पर आले, आणि दिव्यांची उंची कमी पडते म्हणून पुढील भागाची नवी रचना करण्याऐवजीं सबंध गाडीच एक इंच उचलण्यांत आली. गुरुत्वमध्य वर गेला, वजन वाढलें. आणि नेमक्या त्याच वेळीं, १९७५ च्या नमुन्यांत, खर्च वांचविण्यासाठीं पुढील दांडीहि काढून टाकण्यांत आली! गाडीचें वळणावरील वागणें बिघडलें यांत नवल तें काय? अखेर १९७७ च्या नमुन्यांत कारखान्यानेंच रचना सुधारली व मागील बाजूसहि दांडी सर्व गाड्यांना दिली. एकाच नांवाच्या गाडीच्या या इतक्या अवस्था. ज्याच्या पदरीं १९७५ ची गाडी आली, त्यानें ती काटकसर जन्मभर पूज्य मानावी काय? मला तसें वाटत नाहीं. ती रचनाकाराची इच्छा नव्हे, हिशेबनिसाची होय. संग्रहालयांत ठेवावयाच्या गाडीची गोष्ट निराळी. तेथें चूकहि इतिहास म्हणून राखावी. जी गाडी रस्त्यावर चालवावयाची आहे व जींत आपलीं मुलें बसावयाचीं आहेत, तिला दांडी परत देणें हें मी कर्तव्य समजतों.

परंतु याच न्यायानें दुसऱ्या पक्षाची बाजूहि घेतां येत नाहीं. वळणावर आंतल्या चाकांवरील भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर जातो. तो एकंदर किती जाईल हें गाडीचा वेग, वळणाची त्रिज्या, वजन, गुरुत्वमध्याची उंची व डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवर ठरतें. दांडी कितीहि जाड बसवा, हा आंकडा जवळजवळ तोच राहतो. दांडीच्या हातीं असतें तें इतकेंच कीं, त्यांतील किती हिस्सा पुढच्या जोडीनें सोसावा व किती मागच्या. आणि टायरचा स्वभाव असा आहे कीं, त्यावरील भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाहीं, कांहीं कमीच वाढते. म्हणून ज्या जोडींत भाराची अशी अदलाबदल अधिक, त्या जोडीची एकूण पकड कमी. पुढील दांडी फार जाड झाली तर गाडीचें तोंड वळण सोडून बाहेर धांवूं लागतें. मागील फार जाड झाली तर शेपूट सुटतें.

या दोहोंपैकीं दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे, आणि पालकांनीं लक्ष द्यावें तें येथेंच. तोंड बाहेर जाऊं लागलें तर नवशिका चालक घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, आणि बहुधा तोच त्याचा बचाव ठरतो. पण शेपूट सुटूं लागलें असतां पाय काढला, तर भार आणखी पुढें झुकतो, मागचीं चाकें अधिकच हलकीं होतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी क्षणांत उलट्या तोंडाची होते. केवळ मागची जाड दांडी बसवून ‘आतां गाडी चपळ झाली’ असें जो तरुण सांगतो, त्याच्या शेजारीं पावसाळ्यांत बसण्याची मला तरी हौस नाहीं. शिवाय जाड दांडी दोन्ही चाकांस एकमेकांशीं बांधून टाकते. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं दुसऱ्यासहि त्याचा हिसका बसतो, व खडबडीत रस्त्यावर सबंध गाडी डावी-उजवीकडे डोलत राहते.

तेव्हां दांडी बसवावी, पण ती शेवटीं. आधीं टायर पाहावे. खांचा खोल असल्या तरी रबर वयानेंच कठीण होतें. टायरच्या बाजूस चार आंकडे छापलेले असतात. २३१९ असे असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. नंतर बुश. चाळीस-पन्नास वर्षांचें रबर तडकून, तेलानें फुगून निकामी झालेलें असतें. असल्या बुशांत बसविलेली नवी दांडी म्हणजे कुजलेल्या चौकटीला लावलेलें नवें कुलूप. याच गाडीचा आठ सिलिंडरांचा, व्ही-एट नांवाचा एक नमुना १९७३ ते १९७६ पर्यंत निघत होता. त्याच्या पुढील खालच्या सांगाड्यांतील, धातूच्या नळींत बसविलेले रबरी बुश साध्या गाडींतहि बसतात. तें काम स्वस्त आहे, आणि माझ्या मतें सर्वांत समाधानकारक सुधारणा तीच. पॉलियुरेथेनचे कठीण बुश शर्यतीस ठीक. नेहमींच्या वापरांत ते रस्त्याचा प्रत्येक खडा आंत कळवितात, आणि वंगण कमी पडलें कीं कुरकुरतात. पुढील चाकांच्या किंगपिनांस ग्रीस भरण्याचें काम तर पुष्कळ मालक विसरूनच जातात, आणि मग ‘गाडी भरकटते’ म्हणून दांडीला दोष देतात!

रबरी बम्परांच्या गाडीस याहूनहि एक गुणकारी उपाय आहे: वाढविलेला तो एक इंच परत कमी करणें. पुढें योग्य लांबीच्या स्प्रिंगा व मागें योग्य वांकाचे पाटे घातले म्हणजे गुरुत्वमध्य खालीं येतो, आणि दांडीला जें करतां येत नाहीं तें, म्हणजे भाराची एकंदर अदलाबदल कमी करणें, येथें खरोखरच साधतें. मात्र स्प्रिंग कापून आंखूड करण्याचा आडमार्ग कोणीं धरूं नये.

विद्यार्थ्यांनीं यांतील बुश बदलण्यासारखें काम वडिलांच्या किंवा जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीं अवश्य करावें. त्यांतून जें कळतें तें पुस्तकांत वाचून कळत नाहीं. पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि जाऊं नये. गाडी भक्कम घोड्यांवर टेकवूनच खालीं शिरावें. दाबून धरलेल्या स्प्रिंगेशीं तर एकट्यानें खेळूंच नये, ती सुटल्यास हाडें मोडते. दांडी जेथें जोडावयाची तेथील पत्रा गंजलेला असल्यास प्रथम तो दुरुस्त करावा. काम संपल्यावर चाकांची जुळणी तपासून घ्यावी, व काढलेले मूळ भाग चिठ्ठ्या लावून पेटींत ठेवावे, म्हणजे पुढील मालकास हवें तर ते परत बसवितां येतील.

राहतां राहिले ते लिव्हरचे जुने शॉक-ॲब्सॉर्बर. ते काढून नळीचे नवे बसविण्याचे संच मिळतात, व त्यांची स्तुतीहि फार होते. परंतु जुने उघडून, झिजलेला भाग बदलून, योग्य जाडीचें तेल भरून घेतले तर ते आपलें काम चोख करतात, आणि खर्चहि बहुधा कमीच येतो. मी तरी आधीं तेल भरून पाहीन.