धर्म बौद्ध, दाखला अनुसूचित जातीचा : यात विसंगती नाही



घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या आपल्या वस्त्यांतून, नुकतीच दीक्षा घेतलेली कुटुंबे एक प्रश्न वारंवार विचारतात : 'शाळेच्या दाखल्यावर बौद्ध लिहिले तर मुलाची सवलत जाईल काय ?' या भयापोटी कित्येक घरांत बुद्धवंदना होते आणि कागदावर मात्र जुनाच धर्म नांदतो. हे भय उगाच जन्मले नाही. परंतु आज त्याला आधार उरलेला नाही.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली त्यात शीखांची भर पडली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरी लक्षावधींनी दीक्षा घेतली, पण बौद्ध मात्र आदेशाबाहेरच राहिले. पुढे नागपूरच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या डॉ. मेश्राम यांच्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या 1964 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे वा आचरणे. ज्याने आपण हिंदू नाही असे जाहीर केले, त्यास त्या आदेशाचा लाभ नाही. प्रामाणिकपणाची ही केवढी किंमत ! ती आपल्या वडीलधाऱ्यांनी मोजली. अखेर 1990 साली संसदेने आदेशात 'बौद्ध' हा शब्द घातला. तेव्हापासून बौद्ध म्हणून नोंद केल्याने केंद्रात वा राज्यात दर्जा जात नाही.

मग लपवावयाचे कशासाठी ? 26 नोव्हेंबर 2024 रोजी सेल्वराणी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने, आचरण ख्रिस्ती धर्माचे आणि दाखला मागावयाचा हिंदू म्हणून, हा दावा फेटाळला. त्या आदेशात ख्रिस्ती धर्म नाही, बौद्ध धर्म आहे. म्हणून त्या निकालाने आपणांस भिण्याचे कारण नाही. पण आचार एक आणि कागद दुसरा असा संसार न्यायालयास रुचत नाही, हा बोध आपण घ्यावा.

कोणी विचारील, 'जात टाकली, मग दाखल्यावर जात का ?' दाखल्यावरील जात ही आपली ओळख नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे. जखम ज्या नावाने झाली, त्याच नावाने भरपाई मागावी लागते.

पुराव्याची कसोटी मात्र कडक आहे. 2000 च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या कलम 8 नुसार जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो, आणि 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची जातीची व वास्तव्याची नोंद मागितली जाते. म्हणून गावी जाल तेव्हा आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर आणि जन्ममृत्यूची नोंद यांच्या प्रमाणित प्रती आणाव्या. जुन्या कागदांचे वजन 24 मार्च 2023 रोजी ठाकूर जमात प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा अधोरेखित केले आहे. पित्याकडील रक्ताच्या नात्यात कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर तेही जोडावे. धर्मांतराची नोंद शासकीय राजपत्रात करून घ्यावी. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा. घर मुलुंड-घाटकोपरला असेल तर तालुका कुर्ला लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

2011 च्या जनगणनेत देशातील सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रातील होते. किती घरांनी भयाने दुसरा रकाना भरला असेल, ते कोणी मोजलेले नाही. 2027 च्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 ठरली आहे, आणि तीत जातीचीही गणना व्हावयाची आहे. प्रगणक विचारील तेव्हा धर्म 'बौद्ध' सांगावा, जात अनुसूचीतील आहे तीच सांगावी, आणि त्याने काय लिहिले ते पाहून घ्यावे.

सवलत हा हक्क आहे आणि धम्म हाही हक्क आहे. एकासाठी दुसरा गहाण टाकण्याची वेळ 1990 सालीच संपली; आता ती सवयही संपली पाहिजे.

जयभीम !