नाव मुंबईचे, गॅरेज कोणाचे?

धुळ्याला आमच्या वर्गात एक विद्यार्थी होता. त्याच्या वडिलांचे मुंबई-आग्रा महामार्गालगत ट्रकदुरुस्तीचे गॅरेज आहे. 2025 साली आंद्रेआ किमी आन्तोनेली हा अठरा वर्षांचा इटालियन मुलगा मर्सिडीजच्या संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा हा विद्यार्थी मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, हा पोरगा आधी मुंबईच्या टीमकडून जिंकलेला." मी कौतुक केले. त्यावर तो क्षणभर थांबला आणि आपल्या अहिराणीत विचारता झाला, "नाव ते मुंबईनं शे, पन तठे आपलं कोन शे?"

मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न टाळता आला असता. पण नाव आणि वस्तू यांचा संबंध काय, हा प्रश्न साहित्याच्याही मुळाशी असतो; म्हणून हा प्रपंच.

आधी वस्तुस्थिती पाहू. मुंबई फाल्कन्स हा एकआसनी, उघड्या चाकांच्या गाड्यांच्या कनिष्ठ शर्यतींतला संघ. कार्टिंगमधून बाहेर पडलेला मुलगा प्रथम फॉर्म्युला फोर, मग फॉर्म्युला रीजनल, फॉर्म्युला थ्री आणि फॉर्म्युला टू अशा पायऱ्या चढत फॉर्म्युला वनच्या दाराशी पोहोचतो. 2021 च्या आरंभी दुबई व अबुधाबी येथे झालेल्या फॉर्म्युला थ्री एशियन स्पर्धेत हा संघ मुंबईचा जेहान दारूवाला आणि बंगळुरूचा कुश मैनी या दोन भारतीय चालकांना घेऊन उतरला. जेहान हा त्यापूर्वीच, डिसेंबर 2020 मध्ये, फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला होता. या स्पर्धेत तो तिसरा आला. पुढे प्रेमा या इटालियन संघाचे तांत्रिक साहाय्य लाभले आणि यशाला बहर आला. 2022 साली मोनॅकोचा आर्थर लक्लेर फॉर्म्युला रीजनल एशियनचा विजेता झाला. 2023 मध्ये आन्तोनेलीने फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्ट, तर ऑस्ट्रेलियाच्या जेम्स व्हार्टनने अमिरातीतील फॉर्म्युला फोर जिंकली. 2024 मध्ये तेच अजिंक्यपद इंग्लंडच्या फ्रेडी स्लेटरने मिळवले. गाडीवर प्रत्येक वेळी नाव होते मुंबईचे.

यावर एक सोपी तक्रार तयारच असते: चालक परदेशी, तंत्रज्ञ परदेशी, मैदानही परदेशी, मग मुंबईचा अभिमान कसला? ही तक्रार मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आपल्याच मातीत आहे. शंकरपटाचे दृश्य आठवा. भोंग्यावरून जोडीच्या मालकाचे आणि त्याच्या गावाचे नाव पुकारले जाते. बैल कुठल्या तरी लांबच्या बाजारातून आणलेले असतात, हाकणारा दुसऱ्याच तालुक्यातला असतो. तरी जोडी जिंकली की गुलाल मालकाच्या गावात उधळला जातो आणि त्यात कोणालाही खोटेपणा वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली या शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर 2021 मध्ये त्या पुन्हा सुरू करण्यास परवानगी दिली. मधल्या काळात गावांनी आपले काय हरवले म्हणून हळहळ केली? बैलांची जन्मभूमी नव्हे, आपले पुकारले जाणारे नाव. शर्यतीत नाव हे नेहमीच काहीसे उसने असते. मर्सिडीज या जर्मन नावाचा फॉर्म्युला वन संघसुद्धा इंग्लंडमधील ब्रॅकली येथून चालतो. तेव्हा उसनवारीचा आरोप एकट्या मुंबईवर कशाला?

मात्र इथेच थांबलो तर विद्यार्थ्याच्या प्रश्नाला बगल दिल्यासारखे होईल. शंकरपटातील बैल विकत आणलेले असले तरी शर्यत संपल्यावर ते गावाच्या गोठ्यात परततात. त्यांना काय चारायचे, पत्री कधी मारायची, कोणता बैल कोणत्या बाजूला जुंपायचा हे ज्ञान गावात मुरते. पोरे ते पाहत मोठी होतात. परक्याचे बैल चार-पाच वर्षांत गावचे होतात, ते असे. एकआसनी गाड्यांच्या कनिष्ठ शर्यतींत तर हे ज्ञानच सर्वस्व असते. या स्पर्धांत चॅसिस आणि इंजिन सर्वांना सारखेच मिळते. फरक पडतो तो टायरमधल्या हवेच्या दाबाने, पंखाच्या कोनाने, सस्पेन्शनच्या मांडणीने, आणि मुलाने कोणत्या वळणावर ब्रेक किती उशिरा दाबला हे आकड्यांतून वाचणाऱ्या अभियंत्याने. संघ म्हणजे ही कारागिरी. मुंबईला नाव मिळाले, चषक मिळाला. कारागिरी मात्र अजून प्रामुख्याने इटलीच्या वळचणीला आहे, असे मला वाटते. आक्षेप घ्यायचा तर तो इथे घ्यावा, चालकांच्या पारपत्रांवर नव्हे.

ही कारागिरी महानगरांतच उपजते असेही नाही. प्रेमा हा संघ 1983 साली आंजेलो रोझिन यांनी उत्तर इटलीतील व्हिचेन्झा परिसरात सुरू केला. तो पुढे चालकांच्या पिढ्या घडवत गेला. इतक्या लांब कशाला, आपल्याकडचे कोइम्बतूर पाहा. कापसाच्या गिरण्या, पंप आणि ओतकामाचे कारखाने यांचे ते शहर. तिथल्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन वापरून स्वस्त शर्यती गाड्या बांधल्या आणि फॉर्म्युला मारुती ही स्पर्धा सामान्यांच्या आवाक्यात आणली. 1995 साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले. 2003 मध्ये तयार झालेल्या कोइम्बतूरच्या ट्रॅकला त्यांचेच नाव आहे. साखळ्या बनवणाऱ्या तिथल्या एका कारखान्याच्या आद्याक्षरांवरून फॉर्म्युला एलजीबी उभी राहिली. 2005 साली जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये जाणारा पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच शहरातला. गिरणीच्या लेथवर बसलेला हात शर्यतीच्या गाडीवरही बसला, एवढाच या इतिहासाचा सारांश.

खानदेशालाही कापूस होता. अमळनेरला प्रताप मिल होती, चाळीसगावला आणि धुळ्यालाही गिरण्या होत्या. लेथही होते, हातही होते. मग आमच्याकडे गिरणी बंद पडली की आठवणी तेवढ्या का उरल्या? भांडवल, राजकारण, बाजार अशी उत्तरे अर्थशास्त्री देतील. मला माझ्या क्षेत्रापुरते बोलायचे आहे. बहिणाबाईंनी घरोट आणि मोट कवितेत आणली. हाताने चालणाऱ्या अवजाराला या जिल्ह्याने प्रतिष्ठा दिली. इंजिन उघडून बसलेल्या माणसाला मात्र आम्ही साहित्यात फारशी जागा दिली नाही आणि घरातही नाही. 'गॅरेजवर बसवीन' हे वाक्य आमच्याकडे नापास होणाऱ्या मुलाला दिलेली धमकी म्हणूनच उच्चारले जाते. ज्या समाजात कारागिरी ही शिक्षा असते, तिथे संघ विकत घेता येतो, घडवता येत नाही.

धुळ्याहून शिरपूर, सेंधवा ओलांडून महामार्गाने वर गेले की इंदूरजवळचे पिथमपूर लागते. तिथे 2007 पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा ही स्पर्धा भरत आली आहे. मुले स्वतः नळ्या वाकवतात, वेल्डिंग करतात, गाडी बांधतात आणि खडकाळ रस्त्यावर ती मोडेपर्यंत पळवतात. कोटींच्या घरातला फॉर्म्युला रीजनलचा हंगाम खानदेशातल्या कुटुंबाच्या स्वप्नातही येणार नाही, हे मान्य. पण चालक होण्याला जितका पैसा लागतो तितका गाडी समजण्याला लागत नाही. त्याला लागते ते जुने इंजिन, चिकाटी आणि तेलाने माखलेल्या हाताची लाज न वाटणे.

असो. त्या विद्यार्थ्याला तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले होते. तो पदवी घेऊन वडिलांच्या गॅरेजवर बसला आणि भेटला की अजूनही जरा ओशाळतो. पुढच्या वेळी त्याला सांगायचे आहे: तिथे आपले कोणी नाही, हे तुझे म्हणणे बरोबर, पण तिथे जे लागते ते तुझ्याकडे थोडेफार आहे आणि माझ्याकडे मुळीच नाही. ओशाळायचेच असेल तर ते मी ओशाळावे.