शास्त्रज्ञही ‘टेंपररी’च!



लाइनवर राबणारा कॅज्युअल गँगमन आणि प्रयोगशाळेतला पीएच.डी. झालेला शास्त्रज्ञ यांचे दुखणे एकच असू शकते, हे आपल्यापैकी अनेकांना चटकन पटणार नाही. परंतु सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांत ‘प्रकल्पापुरता’ नेमलेला माणूस ही आता नेहमीची बाब झाली आहे. नेमणूक मुदतीची आणि पत्रात अट ठरलेली : कायम नोकरीवर हक्क सांगता येणार नाही.

ही अट आपल्याला नवी नाही. रेल्वेच्या प्रोजेक्टवरील कॅज्युअल कामगारांनाही ‘प्रोजेक्ट संपला, काम संपले’ असेच सांगून घरी पाठवले जात होते. 1985 साली इंद्रपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना टेंपररी स्टेटस देणारी योजना काही बदलांसह मान्य केली. जे कोर्टापर्यंत पोहोचू शकले नाहीत, त्यांचेही नुकसान होता कामा नये असे बजावले. 1987 साली डाक-तार खात्यातील रोजंदारांना नियमित कामगाराच्या वेतनश्रेणीतील किमान पगार देण्याचा आणि वर्षाहून अधिक सलग काम केलेल्यांसाठी सामावून घेण्याची योजना आखण्याचा हुकूम झाला.

शास्त्रज्ञांची वाट याहून बिकट ठरली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नागपूरची नीरी अशा संस्था ज्या सीएसआयआरच्या छत्राखाली येतात, ती कागदोपत्री एक नोंदणीकृत सोसायटी. म्हणून ती ‘राज्य’ नाही, असा निकाल 1975 साली सभाजित तिवारी या स्टेनोग्राफरच्या खटल्यात लागला. म्हणजे पैसा सरकारचा, पण घटनेतील समानतेचा हक्क या मालकाविरुद्ध मागता येईना! कलकत्त्याच्या संस्थेतून काढलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रदीप कुमार बिस्वास खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने 16 एप्रिल 2002 रोजी पाच विरुद्ध दोन मतांनी तो निकाल रद्द केला, तेव्हा हे दार उघडले.

2006 च्या उमादेवी निकालाने ते पुन्हा अर्धे लोटले. मंजूर पदावर, कोर्टाच्या आदेशाशिवाय दहा वर्षे काम केलेल्या पात्र माणसांचा एकदाच विचार करा, असे त्यात आहे. प्रकल्पावरचा शास्त्रज्ञ नेमका इथेच अडतो. त्याचे पदच मंजूर नसते. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई कामगार महिला व त्यांच्या साथीदारांच्या ‘जग्गो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर परत घेऊन नियमित करण्याचा आदेश दिला. उमादेवी निकालाची ढाल करून वर्षानुवर्षांच्या कामगाराला हक्क नाकारता येणार नाही, हे त्यात स्पष्ट झाले. शास्त्रज्ञांना वाट दाखवली ती झाडू मारणाऱ्या भगिनींनी!

संशोधनाला मुदत असते, हे आम्ही मान्य करतो. दोन वर्षांच्या कामाला दोन वर्षांचा माणूस घ्यावा, यात अन्याय नाही. पण एक प्रकल्प संपताच दुसऱ्या कागदावर तोच माणूस, तेच टेबल, तेच यंत्र, मध्ये चार दिवसांचा खंड, असे दहा वर्षे चालते तेव्हा काम कायमचे असते. फक्त माणूस हंगामी ठेवलेला असतो.

आम्ही हे पद्मनाभपुरहून लिहीत आहोत. भिलाईत कायम आणि ठेक्याचा कामगार एकाच भट्टीजवळ उभे असतात. शेजाऱ्याच्या ठेक्याकडे कायम कामगाराने काणाडोळा केला, तर उद्या त्याच्या मुलाच्या हातीही ठेक्याचाच पास येतो.

म्हणून आमची मागणी आहे : सततच्या कामाला मंजूर पदे द्या, खोटे खंड बंद करा, समान कामाला समान वेतन हे 2016 च्या जगजित सिंग निकालातील तत्त्व इथेही लागू करा. आणि एकेकट्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा सर्वांसाठी एक योजना हवी; 1985 चा धडा तोच आहे.

शाखांनी आपल्या गावच्या संशोधन संस्थांतील हंगामी मंडळींना भेटावे. प्रत्येक नेमणूकपत्र, मुदतवाढीचा कागद, पगाराची पावती जपून ठेवण्यास सांगावे. खटला कागदावर उभा राहतो, पण तो संघटनेच्या बळावर टिकतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!