सिल्लोडचा समुद्र माळावर नाही, देवघरात आहे

१/ सिल्लोड-अजिंठ्याच्या माळावर वाटोळ्या नक्षीचा दगड दिसला, की समाजमाध्यमांवर निवाडा तयार असतो : ‘हा समुद्री शंख, येथे समुद्र होता!’ इतिहासप्रेमींनो, हा निवाडा चूक आहे आणि त्यामागची घाई त्याहून घातक.

२/ सिल्लोडचा दगड म्हणजे काळा बसाल्ट : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलेली आहेत. तप्त रसात शंख टिकत नाही. त्यातील गोल पोकळ्या वायूच्या बुडबुड्यांच्या. पुढे त्यांत गारगोटी व झिओलाइटचे स्फटिक वाढले. कांद्यासारखे सुटणारे पापुद्रे ही दगडाची झीज.

३/ दख्खनमध्ये जीवाश्म नाहीतच का? आहेत. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला. मुंबईच्या अशा थरातील इवल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. पण तो जीव गोड्या पाण्याचा.

४/ खरा समुद्री जीवाश्म सिल्लोडमध्ये कुठे भेटेल? एखाद्या जुन्या घराच्या देवघरात. नेपाळातील काली गंडकीच्या पात्रातून आलेल्या अस्सल शाळिग्रामातले चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट या समुद्री जीवाचे वेटोळे कवच.

५/ सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्राच्या तळाशी, प्राणवायू कमी असलेल्या बारीक चिखलात हे जीव गाडले गेले. कुजण्याच्या क्रियेतूनच भोवती खनिजे साकळली आणि टणक गोळा बनला. वरच्या गाळाच्या भाराने चिखलाचा खडक होण्याआधीच हे कवच बंदिस्त झाले. म्हणून ते चिरडले नाही, त्याची एकेक कंगोरी रेघ शाबूत राहिली. पुढे भारतीय भूखंड आशियाला भिडला, समुद्रतळ हिमालयात उचलला गेला आणि नदीने ते गोळे खाली आणले.

६/ ‘शाळिग्राम म्हणजे नुसता मेलेला गोगलगायसदृश प्राणी’ असे हिणवणारेही तितकेच उथळ. वज्रकीट नावाचा किडा ही चक्रे कोरतो, असे परंपरा सांगते. उत्तर चुकले, पण या नक्षीमागे एखादा जीव आहे, हा प्रश्न तिने नेमका पकडला. मात्र त्यावरून ‘पूर्वजांना जीवाश्मशास्त्र ठाऊक होते’ असेही ठोकून देऊ नये.

७/ सिल्लोडचा बसाल्ट वाहत होता, त्याच सुमारास जगातील अ‍ॅमोनाइट नामशेष झाले. म्हणजे देवघरातला दगड अंगणातल्या दगडाच्या दुपटीहून जुना!

८/ तेव्हा पुढच्या वेळी ‘शंख सापडला’ ही वार्ता पुढे ढकलण्याआधी एकच विचारा : खडक कोणता? लाव्हा की गाळ? भूमीवरचे प्रेम तिला खोटा समुद्र बहाल करून सिद्ध होत नाही. तिचा खरा अग्नी पुरेसा भव्य आहे.