चित्रांची पुस्तके आणि आपण

चित्रांची पुस्तके बालवाडीतल्या मुलांसाठी असतात, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते. आठवी-नववीत गेल्यावर ती हातात धरायलाही लाज वाटते. मला हे पटत नाही. आपण विज्ञान उर्दूतून शिकतो. उर्दूतला जुगनू मराठीच्या तासाला काजवा होतो, तितलीचे फुलपाखरू होते. चित्र मात्र दोन्हीकडे तेच राहते. नवा शब्द अडला तरी डोळ्यांना अर्थ कळतो.

एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराचे भुकेल्या अळीचे पुस्तक १९६९ साली निघाले आणि जगभरच्या भाषांत गेले. त्यातली अळी फळे खाते, केक खाते, आइसक्रीमही खाते आणि शेवटी फुलपाखरू होते! चार-पाच वर्षांच्या मुलालाही फुलपाखराचा जन्म त्यातून समजतो. पण खरी अळी असे वाटेल ते खात नाही. आपल्या अकोले गावात लिंबोणीच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडाजवळ जरा थांबा. तिथे एका काळ्या-पिवळसर फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर अंडी घालते. त्यातून निघालेली अळी त्याच झाडाची पाने खाते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला सहसा टिपत नाहीत. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुस्तक वाचून झाडापाशी जावेसे वाटले, तर ते पुस्तक चांगले, असे मी म्हणेन.

आपल्याच तालुक्यात, भंडारदऱ्याला, पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडे लखलखतात. मुंबई-पुण्याहून गाड्या भरून लोक येतात. काजवे प्रकाशाने आपल्या जोडीदाराला इशारे करतात, आणि गाड्यांच्या दिव्यांत ते इशारे हरवतात. काजव्याचा प्रकाश गरम नसतो. त्याच्या अळ्या गोगलगायी खातात. हे सारे सांगणारे, अकोल्याच्या मुलांनी काढलेले चित्रांचे पुस्तक मला अजून दिसलेले नाही. ते तुम्हीच का काढू नये? दोन्ही भाषा तुमच्याजवळ आहेत.

एक अडचण मात्र येईल. मराठी डावीकडून वाचतात, उर्दू उजवीकडून. अंडे, अळी, कोश आणि काजवा अशी चित्रे डावीकडून ओळीत काढली, तर उर्दू वाचणारे मूल काजव्यापासून सुरुवात करील आणि अंड्यापाशी येऊन थांबेल! तेव्हा चित्रे गोलात काढा, मध्ये बाण दाखवा आणि प्रत्येकाखाली दोन्ही लिप्यांत नाव लिहा.